चाकांवरचे घर : कोणाचे पर्यटन, कोणाचे अतिक्रमण?

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाडीतच झोपायची जागा, स्वयंपाकघर, शौचालय. आणि ती गाडी उभी करायला पाणी, वीज, रस्ता असलेली 'कॅराव्हॅन पार्क'. खासगी जमिनीवरही आणि सरकारी जमिनीवरही. म्हणजे चाकांवर घर घेऊन फिरणाऱ्या माणसाला रात्रीच्या मुक्कामी पाणी आणि शौचालय लागते, हे सरकारला मान्य आहे. उत्तम. मग साधा प्रश्न असा की, याच राज्यात पिढ्यान्पिढ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या कैकाडी, वडार, पारधी, घिसाडी, डोंबारी यांच्याबाबतीत हेच सत्य मान्य करायला अडचण कोणती आहे?

हा प्रश्न कागद वाचून पडलेला नाही, रस्त्यावर पडला आहे. गेल्या जुलैमध्ये मी आणि माझा एक शिक्षक मित्र भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन पालघरच्या किनाऱ्याने फिरलो. मनोरला महामार्ग सोडला, वाघोबा खिंडीतून पालघरला उतरलो आणि केळवे, सातपाटी, बोईसर, नवापूर करत चिंचणीपर्यंत गेलो. तीन दिवस पावसाने उसंत दिली नाही. सातपाटीत मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्याला लागलेल्या होत्या. मित्र कैकाडी समाजातला. दुसऱ्या दिवशी चहा उकळताना तो म्हणाला, "सगळ्यात मोठं सुख कोणतं सांगू? अजून एकाही काउंटरवर आडनाव सांगावं लागलं नाही."

हे वाक्य ज्याला विनोद वाटेल त्याने बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावे. 1901 साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्याच्या झोपडीजवळ त्याच गाडीत मुलांनी अंथरूण टाकले. डबा भरलेला होता, पण प्यायला पाणी कोणी देईना, म्हणून उपाशी झोपले. पुढे 1934 साली सहकाऱ्यांसोबत सहलीला गेलेल्या बाबासाहेबांना दौलताबादच्या किल्ल्यात पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात प्रवेश मिळाला. तोवर ते बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदा गाजवून आले होते. सहल म्हणजे मौज, हे ज्याच्या जातीला कोणी हटकत नाही त्याचे गणित आहे.

म्हणून आपल्या माणसाला स्वतःची गाडी, स्वतःचे पाणी, स्वतःचे अंथरूण सुखाचे वाटते, यात नवल नाही. पण गाडी आपली असली की प्रश्न फक्त टळतो, सुटत नाही. संविधानाच्या कलम 15 ने दुकाने, हॉटेले, विहिरी, तळी, रस्ते सर्वांना खुले केले. कलम 19 ने देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला. हे हक्क माणसाला दिले आहेत, गाडीला नाहीत.

आणि तरीही व्यवहारात काय दिसते? एका रात्री सुरूच्या बनाजवळ आम्ही गाडी उभी केली होती. गणवेशातला एक माणूस आला. टॉर्च मारून त्याने गाडी पाहिली आणि अदबीने म्हणाला, "साहेब, भरती मोठी आहे, गाडी जरा वर घ्या." दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजूला रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत दोन कुटुंबे निळी ताडपत्री बांधून बसली होती. विळे-कोयते विकायला ठेवले होते, चुलीवर भात होता. त्यांनाही एक गणवेशातला माणूस भेटला. पण त्यांना 'साहेब' नव्हते, 'चला, उठा' होते. पाऊस तोच, किनारपट्टी तीच, आणि दोघांचेही घर तात्पुरते. फरक एवढाच की एकाचे घर भाड्याने घेतलेले होते आणि दुसऱ्याचे खरे होते.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझा आजा गाढवांवर बिऱ्हाड घालून कणग्या-टोपल्या विकत फिरायचा. पाल टाकायच्या आधी पोलीस पाटलाकडे वर्दी द्यावी लागायची. अन् गावात कोंबडी जरी हरवली तरी आधी आमच्या पालात शोधायचे."

हा केवळ गावकऱ्यांचा संशय नव्हता, तो कायदा होता. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानेच माणसे गुन्हेगार ठरवली. जन्मावरून माणसाची लायकी ठरवायची हा मनूचाच नियम, फक्त इंग्रजी भाषेत. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी, या जमाती विमुक्त झाल्या. 1980 साली लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने ते जगणे मराठी वाचकांसमोर ठेवले. 2008 साली रेणके आयोगाचा अहवाल आला, त्यानंतर इदाते आयोगाचा. कायदा गेला, अहवाल आले. 'चला, उठा' मात्र राहिले.

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण इथे घर असलेल्यांनाही मुक्कामाची खात्री नाही. तारापूरला 1969 साली देशातली पहिली अणुवीज सुरू झाली. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते आणि 2018 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होते. आता 76,220 कोटींचे वाढवण बंदर आले आहे आणि किनाऱ्यावरचा मच्छीमार त्याविरुद्ध लढतो आहे. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. त्याचे निम्मे वर्ष भट्टीशेजारच्या झोपडीत जाते. इथला माणूस उठतो, फिरणारा हाकलला जातो आणि पाहुण्याला सांगितले जाते, 'गाडी जरा वर घ्या.'

काही जण म्हणतील, पर्यटन आले तर स्थानिकांना रोजगार मिळेल. मिळू द्या. माझा फिरण्याला विरोध नाही. आपल्या पोरांनी खूप फिरले पाहिजे. दुसरे म्हणतील, भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहेच, त्यांनी एका जागी राहावे. पक्के घर हवेच. पण वीटभट्टीवरच्या आदिवासीला गावात घर आहे, तरी पोट त्याला रस्त्यावर आणते. जोवर रोजगार फिरता आहे, तोवर मुक्कामही फिरताच राहणार.

हे अशक्यही नाही. ज्या ब्रिटनने आपल्याला 1871 चा कायदा दिला, त्याच ब्रिटनने 1968 साली जिप्सींसाठी मुक्कामाच्या जागा पुरवणे हे स्थानिक संस्थांचे कायदेशीर कर्तव्य ठरवले. 1994 साली ते काढून घेतले, हेही लक्षात ठेवा. हक्क राखला नाही तर जातो. लांब कशाला, दरवर्षी 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखोंच्या मुक्कामासाठी मंडप, पाणी, फिरती शौचालये उभी राहतात. समाज संघटित असला की प्रशासनाला सगळे जमते.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. एक, कॅराव्हॅन पार्कला मिळणारे पाणी, शौचालय आणि दिवा प्रत्येक तालुक्यात भटक्या-विमुक्तांच्या आणि हंगामी मजुरांच्या मुक्कामतळालाही मिळाला पाहिजे. दोन, पालघरचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत आहे. तिथे ग्रामसभेच्या संमतीशिवाय एकही पार्क होता कामा नये. तीन, पाल टाकणे हा गुन्हा नाही, हे गृहखात्याने प्रत्येक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे.

कारवां हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. बाबासाहेबांनी तो इथवर ओढून आणला, म्हणूनच आपल्यातल्या काहींना आज पगार आहे, रजा आहे, भाड्याची गाडी परवडते. पण कारवां म्हणजे फक्त पुढे पोहोचलेले लोक नव्हेत. जो अजून ताडपत्रीखाली भात शिजवतो आहे, तोही त्याच कारवांत आहे. त्याला उठवले जात असेल, तर आपण थांबले पाहिजे.

जय भीम!