साठ तासांचं इंग्रजी आणि एकलहऱ्याची पोरं

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांच्या आधाराने कायम कामगार, ठेकेदाराची माणसं, कँटीनवाले आणि गाडीवाले अशी बरीच घरं जगतात. त्यातल्या एका घरी आम्ही गेलो होतो. अब्बा ठेकेदाराकडे वेल्डर, अम्मी शिवणकाम करते आणि मोठी मुलगी नाशिकरोडच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. घरातली ती पहिली कॉलेजकन्या. बारावीला चांगले गुण होते, पण पहिल्याच सत्रात इंग्रजीचा पेपर राहिला. अम्मी चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "चाचा, तिचे अब्बा म्हणतात, जमत नसेल तर घरीच बस." मुलगी म्हणाली, "वर्गात कळतं सगळं. लिहायला बसलं की हात थांबतो."

या घराचं नाव आम्ही देत नाही. द्यायची गरजही नाही, कारण नाशिकरोड, देवळाली, जुनं नाशिक कुठेही जा, अशी घरं सापडतात. दोष मुलीचा की कॉलेजचा, या वादात आम्ही शिरत नाही. पदवीच्या नव्या रचनेत इंग्रजीचं नेमकं काय झालं आणि आपल्या मुलांवर त्याचा काय परिणाम होतो, ते मात्र पाहिलं पाहिजे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीची श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, रचना ठरवली. स्वायत्त कॉलेजांत ती आधी आली आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतो, त्यामुळे आपली बहुतेक मुलं याच रचनेत शिकतात. पूर्वी बी.ए.ला अनिवार्य इंग्रजीचा पेपर तिन्ही वर्षे असायचा. नव्या रचनेत भाषा 'क्षमता संवर्धन' या गटात गेली. त्या गटाला एकूण ८ श्रेयांक, त्यातले ४ इंग्रजीला आणि ४ आधुनिक भारतीय भाषेला. एका श्रेयांकाला साधारण १५ तास धरले जातात. म्हणजे संपूर्ण पदवीत इंग्रजीचे अनिवार्य तास सुमारे ६०.

जुनं फार चांगलं होतं असं आम्ही म्हणणार नाही. तीन वर्षे इंग्रजी शिकूनही गाईडमधले सारांश पाठ करून पास होणारे आम्हीही पाहिलेत (आमच्यातलेच काही!). नव्या अभ्यासक्रमाचा भर संवाद आणि लेखनकौशल्यावर असावा असं शासन निर्णय म्हणतो, ते बरोबरच आहे. पण कौशल्य सरावाने येतं आणि सरावाला वेळ लागतो. शंभरेक पोरांच्या वर्गात ६० तासांत प्रत्येकाची वही कोण तपासणार?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूल कुठून आलंय हे कोणी विचारत नाही. इंग्रजी शाळेतला मुलगा, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली मुलगी आणि मालेगावच्या उर्दू शाळेतून आलेला मुलगा एकाच बाकावर बसतात आणि एकच पेपर देतात. राज्यात इंग्रजी पहिलीपासून २००० साली सुरू झालं हे खरं, पण विषय म्हणून शिकलेलं इंग्रजी आणि रोज वापरलेलं इंग्रजी यांत फरक राहतोच. कला आणि वाणिज्यच्या पेपरांना मराठीतून उत्तर लिहायची मुभा आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला तीही अर्धीच उपयोगी, कारण त्याची लिहिण्याची भाषा मराठी नसते. विज्ञानाला गेलेल्यांचं तर अकरावीपासूनच सगळं इंग्रजीत.

अमेरिकेतला अनुभव इथे कामाचा आहे. तिथे बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी इंग्रजी लेखनाचा अनिवार्य वर्ग असतो. कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं, हे ठरवायला 'प्लेसमेंट टेस्ट' घेत. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की नोकरी आठवते, तिथे अर्थ वेगळा. कमी गुण पडले की मूल आधी 'कच्च्यांच्या' वर्गात जाई. त्या वर्गाचे श्रेयांक पदवीत धरले जात नसत. फी आणि वेळ दोन्ही जाई, आणि कितीतरी मुलं तिथेच अडकून कॉलेज सोडत. त्यात गरीब, काळ्या आणि स्थलांतरितांच्या घरची मुलं जास्त. शेवटी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये इंग्रजीची ही चाचणी बंद करायचं ठरवलं आणि २०१८ पासून श्रेयांक नसलेले कच्चे वर्गही काढून टाकले. त्याच राज्याने कम्युनिटी कॉलेजांसाठी २०१७ साली कायदा केला. चाचणीऐवजी शाळेतले गुण बघा, मुलाला थेट नियमित वर्गात बसवा आणि गरज असेल त्याला सोबत जादा तास द्या, असा त्याचा रोख आहे.

म्हणून "मुलांची आधी इंग्रजीची परीक्षा घ्या आणि वेगळी तुकडी करा" ही सूचना आम्हाला मान्य नाही. वेगळ्या तुकडीत कोणाची मुलं बसतील, हे सांगायला ज्योतिषी नको. चाचणी आली की ती दार बनते. बी.बी.ए.-बी.सी.ए.साठी राज्याने २०२४ पासून सीईटी लावली, तीत १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे. आपल्या घरातली मुलं यात कुठे राहतात ते पालकांनी स्वतःच बघावं. मागणी एवढीच असावी की वर्ग तोच, पेपर तोच, पण ज्याला हवं त्याला त्याच आठवड्यात सरावाचे दोन जादा तास, फी न घेता. शिक्षकांची पदं रिकामी असताना हे कसं जमणार, असं प्राचार्य विचारतील आणि तो प्रश्न खोटा नाही. पण एम.ए. इंग्रजी करणारी मोठी मुलं त्याच शहरात आहेत. त्यांना मानधन देऊन बसवता येईल.

एक गैरसमज इथेच दूर करू. "पोरीचं इंग्रजी सुधारावं" म्हणून काही पालक तिला बी.ए. इंग्रजीला घालतात. इंग्रजी विभागाचा मुख्य विषय म्हणजे साहित्य: नाटक, कविता, कादंबरी, समीक्षा, भाषाविज्ञान. आवड असेल तर उत्तम विषय आहे आणि पुढे शिक्षकी पेशाची वाटही आहे. पण तो स्पोकन इंग्लिशचा क्लास नव्हे. पाया कच्चा असलेली मुलगी तिथे शेक्सपिअरसमोर एकटी पडते.

आता खरी काळजी. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे. ठरलेले श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा कौशल्याचा भाग पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळतं. ज्याला नाइलाजाने काम धरावं लागतं त्याला ही सोय चांगली, परत यायची वाटही उघडी राहते. पण आपल्या घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, परत येणं किती होतं? "सर्टिफिकेट मिळालं, बस झालं" म्हणायला एक नापास पेपर पुरतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार वीस वर्षांवरच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले ४ टक्क्यांपेक्षा कमी होते, तर एकूण लोकसंख्येत सुमारे ७ टक्के. आकडे जुने आहेत, पण इतक्या मागून निघालेल्या समाजाला एका पेपरपायी मुलगी घरी बसवणं परवडत नाही.

मग करायचं काय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तीत स्थानिक सदस्य असतात, माजी विद्यार्थी असतो. जादा तासांची मागणी तिथे लेखी करता येते. पाच-दहा पालकांनी मिळून सही केलेला अर्ज टाळणं एकट्याच्या अर्जापेक्षा अवघड जातं. प्रवेश घेतानाच विचारा: इंग्रजीचा वर्ग किती मुलांचा, वह्या तपासतात का, नापास झाल्यास मदत कोण करतं.

एकलहऱ्याच्या त्या घरी आम्ही अब्बांना एवढंच म्हणालो की राहिलेला पेपर पुन्हा देता येतो, तोवर ती वर्गात बसू शकते. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "अर्ज मराठीत चालेल ना?" चालतो म्हटलं. मुलीने तिथेच वही काढली आणि लिहायला घेतला. या वेळी हात थांबला नाही. आणखी चार पालकांच्या सह्या घेऊन तो कॉलेजात द्यायचं ठरलं आहे.