ई-मेलवरचे नाव म्हणजे दस्तखत नव्हे

काही वर्षांपूर्वी सूत पुरवणाऱ्या एका पेढीच्या नावाने मला ई-मेल आला. बिल तेच, रक्कम तीच, पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तोच. खाली एवढेच जास्तीचे होते की, आमची बँक बदलली आहे, पैसे नव्या खात्यात भरा. मी दोन लाख चाळीस हजार भरले. आठ दिवसांनी त्या पेढीचा फोन आला, "सेठ, पेमेंट कधी?" तेव्हा समजले की तो मेल त्यांचा नव्हताच. पैसे गेले ते गेलेच.

त्यानंतर मुलाला समोर बसवून मी ही प्रोटोकॉलची भानगड समजून घेतली. हा शब्द ऐकला की मला मंत्र्याचा दौराच आठवायचा! खरे तर दोन यंत्रांनी आपसात कसे बोलायचे याचे हे ठरलेले नियम. उर्दू शाळेत शिकलेला मी त्यांना आदाब म्हणेन.

मजकूर जाताना त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतो तो आयपी. टीसीपी हा मुनीम आहे. तो तुकड्यांना नंबर देतो, समोरून पोच घेतो, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतो. भिवंडीहून पालीला निघालेली ग्रे कापडाची गाठ हरवली तर अशी पुन्हा पाठवता येत नाही, एवढाच फरक. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेचे अर्पानेट या पद्धतीवर आले. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

पण मुनीम गाठी मोजतो, माल कोणाचा हे विचारत नाही. ई-मेल नेणारा एसएमटीपी १९८२ सालचा. तेव्हा जाळ्यावर विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या, बहुतेक एकमेकांच्या ओळखीच्या. म्हणून पाठवणाऱ्याची ओळख तपासायची व्यवस्था त्यात ठेवलीच नाही. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे हे आहे.

पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या निघाल्या. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरवरून मेल जाईल हे पेढीने जाहीर करायचे आणि घेणाऱ्याने पडताळायचे. आपल्याकडे मात्र वेबसाइट बनवणारा पोरगा पैसे घेऊन जातो, ही नोंद करायची राहते आणि आपणही विचारत नाही. त्यातही खऱ्या खात्याचा पासवर्डच चोरीला गेला असेल, तर या तपासण्याही चोराला अडवत नाहीत.

एचटीटीपीएसबद्दलही असाच गैरसमज आहे. त्यातल्या शेवटच्या 'एस'मुळे वाटेत कोणी पाकीट फोडू शकत नाही. पण समोरचा माणूस प्रामाणिक आहे याची हमी त्यात नाही. असे प्रमाणपत्र फुकटही मिळते आणि ठगही ते घेतो.

म्हणून माझे म्हणणे आहे की, खाते बदलल्याचा मेल आला तर वहीतल्या जुन्या नंबरावर फोन केल्याशिवाय पैसे भरू नयेत. मेलमध्ये दिलेला नंबर लावू नये. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करतानाही खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे, ती वापरावी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावे. मी आठ दिवस गाफील राहिलो.

डीमार्कची नोंद मुलाने आमच्या पेढीसाठी आता केली आहे. अर्धा तास लागला.