घडीव इंजिनाचा हव्यास

गिरीजच्या वाड्यांतूनहि आतां टर्बोचार्जरच्या मोटारी दिसतात. ती अधिक वेगवान व्हावी म्हणून खास बांधलेलें इंजिन घ्यावें, असा हट्ट घरांतील तरुणानें धरल्यास वडीलधाऱ्यांनीं नुसतें रागावूं नये; त्यामागील शास्त्र समजून घ्यावें.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं टर्बोचार्जरचें पेटंट घेतलें. बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर सिलिंडरांत जास्त हवा कोंबावयाची, हें त्याचें मर्म. हवेबरोबर इंधन वाढतें. दाब व उष्णताहि वाढते. ओतीव पिस्टनास हा भार फार सोसत नाहीं, म्हणून घडीव पिस्टन घालतात. परंतु तो तापल्यावर अधिक फुगतो; यास्तव त्यास जागा सैल ठेवावी लागते. वसई स्टेशनापर्यंतच्या फेरींत असें इंजिन पुरतें तापतच नाहीं. तें खडखडतें व लवकर झिजतें.

शिवाय नोंदणीपत्राशीं विसंगत फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निषिद्ध आहे.

तेव्हां मुलास एवढेंच विचारावें: ही मोटार रोज कोठें जाणार? शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर जाणार असेल, तर घडीव इंजिन अवश्य निवडावें. रोजच्या रस्त्यासाठीं कारखान्याचेंच इंजिन ठेवून वांचलेला पैसा उत्तम टायर व ब्रेक यांवर खर्चावा. मुलगा सुखरूप घरीं येणें, हीच खरी कमाई.