ग्राफ जुळला म्हणून झालं का?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी! पण हे मराठीतच सांगायचंय.

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, सरांनासुद्धा. आधी ग्राफ काढायचा, मग त्याला शोभतील अशी रीडिंग्ज! मीही केलंय. पण मध्यंतरी ब्लेझारबद्दल वाचलं आणि पहिल्यांदा लाज वाटली.

ब्लेझार म्हणजे अशी दीर्घिका, जिच्या मधल्या कृष्णविवराजवळून निघालेला कणांचा झोत नेमका आपल्याकडे रोखलेला असतो. 'मार्केरियन ४२१' त्यातलीच, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षं दूर. तिचे गॅमा किरण आपल्या वातावरणात शिरले की निळसर चमक उमटते, काही नॅनोसेकंदांपुरती. ती टिपायला आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीने आधी माउंट अबूला 'टॅक्टिक' दुर्बीण उभारली, मग लडाखमध्ये हान्लेला २१ मीटर व्यासाची 'मेस'. तिचं उद्घाटन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये झालं.

पण दुर्बीण देते ती फक्त रीडिंग्ज. झोतात काय चाललंय ते मॉडेल करून ओळखायचं. विसर्जनाच्या दिवशी ठाकूरद्वारला आमच्या चाळीच्या गॅलरीत उभं राहून, मिरवणूक न बघता, नुसत्या आवाजावरून ढोल किती ते सांगायचं, तसं! जवळ पाच, की लांब पन्नास? मॉडेलमध्येही चुंबकीय क्षेत्र, झोताचा वेग, जागेचा आकार थोडा थोडा बदलला, तरी ग्राफ जुळतोच. इलेक्ट्रॉननी आधी प्रकाश दिला आणि मग त्यालाच धडक देऊन गॅमा किरण केले, असं धरलं तरी जुळतो. प्रोटॉन धरले तरी जुळतो!

मग हे लोक काय करतात? जुळलं म्हणून थांबत नाहीत. २२ सप्टेंबर २०१७ ला दक्षिण ध्रुवावरच्या 'आइसक्यूब'ला एक न्यूट्रिनो सापडला. त्याच दिशेला एक ब्लेझार भडकलेला होता. नुसत्या इलेक्ट्रॉनच्या मॉडेलमधून न्यूट्रिनो निघत नाही, म्हणून प्रोटॉनची बाजू वर आली. तरी 'वाद संपला' असं म्हणून कुणी वही मिटली नाही.

आणि आपण? समोरच्या टेबलावरचं रीडिंग जुळलं नाही तर खोडून टाकतो. "जर्नल पूर्ण नसेल तर टर्म ग्रँट होत नाही" हे खरंच आहे. म्हणून सरांनाही एक विनंती. 'जुळलं नाही, कारण कदाचित हे असेल' एवढी एक ओळ कुणी प्रामाणिकपणे लिहिली, तर मार्क कापू नका. उद्या आम्हीच पूल आणि लिफ्ट बांधणार आहोत. तिथे रीडिंग्ज कुक केली, तर व्हायवा लोकांच्या जिवाचा होईल!