पडद्यावरचे शेजारी

दिवाळीच्या सुटीआधी तीन मराठी चित्रपट घरबसल्या पाहिले. ‘श्वास’ (२००४) मध्ये नातवाची दृष्टी जाण्यापूर्वी आजोबा त्याला डोळे भरून जग दाखवतात. मी रडलो आणि हलका झालो. ‘फँड्री’ने (२०१३) तशी सवलत दिली नाही, जब्याचा शेवटचा दगड थेट प्रेक्षकांच्या रोखाने येतो. पण मला खरा झोंबला ‘कोर्ट’ (२०१४). शाहिराला तुरुंगात धाडू पाहणारी त्यातली सरकारी वकीलबाई मुळीच कजाग नाही. ती घरी येऊन स्वयंपाक करते, सहकुटुंब नाटकाला जाते. परप्रांतीयांची तिथे चाललेली टवाळी नाट्यगृहाला हसवते. वाचकहो, ती रांग आपल्या ओळखीचीच वाटते! ‘कोर्ट’ घरच्यांसह पाहा. नंतर घटकाभर कोणी बोलले नाही, तर चित्रपटाचे काम झाले म्हणायचे.