आधी पॉवर बँक, मग पॉवर सप्लाय

हल्ली होस्टेलमध्ये एक नवीन फॅड आलंय. रास्पबेरी पायवर स्वस्तातला म्युझिक स्ट्रीमर बनवायचा आणि आठवड्याभरात त्याला लिनिअर पॉवर सप्लाय लावायचा. का, तर "आवाज खुलतो" म्हणे! खुलत असेलही. पण आपण इंजिनीअर होणार आहोत ना? मग आधी तपासू, नंतर खिशात हात घालू.

गाणं वाय-फायवरून येतं ते डेटा म्हणून. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं, सगळं बफरमध्ये जमा होतं. सप्लाय बदलल्याने बिट्स काही गोड होत नाहीत. बिघडू शकतो तो डॅकपासून पुढचा अॅनालॉग भाग. तिथे चार्जरच्या स्विचिंगचा नॉइज शिरू शकतो, हे मान्य.

पण पुष्कळदा दोष चार्जरचा नसतोच, वायरचा असतो. 28 गेजच्या एक मीटर वायरमध्ये जाऊन-येऊन साधारण 0.43 ओहम रेझिस्टन्स भरतो. एक अँपिअर करंट घेतला की 5 व्होल्टचे उरतात 4.57. पाय तर 4.63 च्या खालीच कुरकुर करायला लागतो! आखूड, जाड वायर घ्या, काम झालं.

आता स्पीकरमधल्या "हम्म"बद्दल. आमच्या खाप्यापासून खापरखेडा, कोराडीची वीज केंद्रं काही लांब नाहीत. पण म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. जुन्या घरांत प्लगला तीन भोकं दिसतात, मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. होस्टेलच्या खोल्यांतही एकदा बघायला हरकत नाही. दोन पिनच्या चार्जरमधून थोडासा लीकेज करंट नेहमीच येतो. त्याला नीट वाट मिळाली नाही, की तो ऑडिओ केबलमधून फिरतो आणि गुणगुणतो.

यावर फुकटची टेस्ट आहे. स्ट्रीमर पॉवर बँकेवर चालवा. मेन्सशी संबंधच तुटला. हम्म तसाच राहिला, तर दोष अॅम्प्लिफायर किंवा वायरिंगचा, महागडा सप्लाय काहीही करणार नाही. हम्म गेला, तर दोष मेन्सच्या वाटेने येतोय. मग स्ट्रीमर आणि अॅम्पमध्ये ऑप्टिकल केबल जमते का ते बघा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट जात नाही!

आणि "खुलतो" म्हणणाऱ्यांसाठी: मित्राला पडद्यामागे बसवून दहा वेळा सप्लाय बदलायला सांगा. दहापैकी नऊ बरोबर आले, तर मी हार मानीन. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता 1024 मध्ये 11 आहे.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. हम्म जावा म्हणून काही जण प्लगची तिसरी पिन कापतात. हम्म जातोही. पण अॅम्पच्या आत फेज वायर सुटून बॉडीला लागली, तर पुढचा हात लावणारा माणूस म्हणजेच अर्थिंग. गाण्यापायी जीव घालवायचा का?

लिनिअर सप्लाय वाईट आहे असं मुळीच नाही. 9 व्होल्टचे 5 करताना एक अँपिअरला 4 वॅट उष्णता निघते, हीटसिंक का लागतो ते हाताला कळतं. तो जरूर बनवा, पण लॅबमध्ये, फ्यूज लावून, सर समोर असताना. आणि बनवण्याआधी आपल्या खोलीचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. संगीताची साधना तिथूनच सुरू होते!