शिंका येतात म्हणून रंकाळ्याची फेरी बंद करू नका

पावसाळा सरत आला की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "डॉक्टर, फिरायला गेलं की शिंका सुरू होतात, म्हणून फिरणंच बंद केलं." यातल्या अनेकांना मधुमेह किंवा रक्तदाब असतो. दोन-तीन महिने चालणं थांबलं की वजन वाढतं, साखरही वाढते. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे.

या दिवसांत आपल्याकडे गवत फुलावर येतं. मोकळ्या प्लॉटवर आणि रस्त्याकडेला गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, माजलेलं असतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेलं हे तण आता देशभर पसरलंय. त्याचे परागकण नाकात गेले की काहींचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि हिस्टामिन सोडतं. मग शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं सुरू होतं. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. ॲलर्जी मात्र ताप नसताना आठवडेच्या आठवडे रेंगाळते.

मग काय करायचं?

• गवताळ माळ टाळून पक्क्या वाटेवर चाला. कोरड्या, वारा सुटलेल्या दिवशी घरातच व्यायाम करा.
• मास्क आणि चष्मा वापरा.
• घरी आल्यावर कपडे बदला, अंघोळ करा. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवा.
• डॉक्टरांनी नाकातला स्टिरॉइड स्प्रे दिला असेल तर रोज घ्या. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. 'स्टिरॉइड' शब्दाला घाबरू नका. त्यातलं औषध रक्तात फारच कमी जातं.
• नाक लगेच मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. नाक उलट अधिक चोंदतं.
• सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. गाडी चालवत असाल तर तसं डॉक्टरांना सांगा.

छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर तो दमा असू शकतो. तेव्हा तपासणी होईपर्यंत जोराचा व्यायाम थांबवा. दम्याचे कितीतरी रुग्ण इनहेलर नियमित घेऊन पन्हाळा चढतात.

म्हणून फिरणं बंद करण्याआधी एकदा ॲलर्जीवर नीट उपचार करून बघा. बहुतेकांना दोन्हीपैकी एक निवडावं लागतच नाही.